सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

उन्हाळ्यात गावाकडून ज्वारीचं पोतं आलं, की आपण ती निवडतो, उन्हात घालतो, डब्यांत भरतो. पण ती पिकवणाऱ्यांना सरकारी मदत मिळते की नाही, याची चौकशी कधी केलीत?

मैत्रिणींनो, ही मदत मुख्यतः दोन वाटांनी येते. एक खताच्या गोणीतून. ४५ किलो युरियाची गोणी शेतकऱ्याला सुमारे २६६ रुपयांना पडते. खरी किंमत त्याहून खूप जास्त, वरचा भार सरकार सोसतं. म्हणजे ज्याची जमीन मोठी, त्याच्या गोण्या जास्त आणि फायदाही जास्त.

दुसरी वाट बँकेतली. २०१९ साली सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेत वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनेही आपली ६,००० रुपयांची योजना काढली. इथे एक एकर असो वा दहा, रक्कम सारखीच. लहान शेतकऱ्याला याचा आधार मोठा. वाटण्या होत होत आपल्या राज्यातलं सरासरी शेत १९७०-७१ मधल्या ४.२८ हेक्टरांवरून २०१५-१६ पर्यंत १.३४ हेक्टरांवर आलं आहे!

मेख आहे ती सातबाऱ्यात. जमीन नावावर असेल तरच हप्ता. बटईने कसणाऱ्याला तो नाही. कुळकायद्याच्या धास्तीने बटई बहुधा कागदावर येतच नाही. नवरा, बायको आणि अज्ञान मुलं मिळून कुटुंब एकच, म्हणून हप्ताही एकच. दिवसभर खुरपणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसेल, तर तो नवऱ्याच्या खात्यात जातो. शिवाय प्राप्तिकर भरणारं कुटुंब अपात्र. तुमचे यजमान कर भरत असतील, तर त्यांना हप्ता नाही, हे रास्तच. पण त्यांची जमीन बटईने कसणारं जोडपंही कोरडंच राहतं, त्याचं काय?

आपल्या हाती थोडं आहे. सासर-माहेरचा सातबारा एकदा स्वतः वाचा. गावाकडची जाऊ विधवा असेल, तर तिची वारस नोंद झाली का, ते तलाठ्याकडे विचारायला लावा. नोंद झाली, की तिला हप्त्यासाठी अर्ज करता येतो. आणि जमीन बटईने दिली असेल, तर बी-खताचा निम्मा खर्च आपण उचलावा, असं यजमानांना सुचवा. घरखर्चाचा हिशेब आपण ठेवतो. मग शेताचा का नको?