गूगल शीटवरची नावं उडाली? घाबरू नका, जुनी यादी परत मिळते

पीक नुकसानीची गावची यादी गूगल शीटवर करायची ठरली, की लिंक ग्रुपवर पडते अन् पाच-दहा जण एकाच वेळी नावं भरायला लागतात. अशात कुणाचं बोट चुकून लागलं आणि चाळीस शेतकऱ्यांच्या ओळी उडाल्या, तर?

या शीटला सेव्हचं बटण दाबावं लागत नाही. लिहिलेलं आपोआप सेव्ह होतं, तसंच पुसलेलंही होतं. पण जुन्या प्रती आतच जपलेल्या असतात.

लगेच लक्षात आलं, तर ज्याच्या हातून चूक झाली त्यानंच, शीट बंद न करता, वरचा उलटा बाण दाबावा. दुसऱ्यानं दाबून उपयोग नाही.

उशीर झाला असेल तर कॉम्प्युटरवर शीट उघडावी. 'फाइल'मध्ये 'व्हर्जन हिस्ट्री' असते. तिथं तारीख-वेळेनुसार प्रती दिसतात. नावं शाबूत असलेली प्रत निवडून 'रिस्टोअर' करावं. मात्र त्या वेळेनंतर भरलेली नावं यादीतून जातात, म्हणून ती आधी उतरवून घ्यावीत.

आणि एडिटरचा हक्क दोघा-तिघांनाच द्यावा. बाकीच्यांना व्ह्यूअर ठेवलं तरी यादी दिसतेच.