पडसे, जस्ताची गोळी आणि आपली औषधपेटी

पौष वद्यातील तिळ चतुर्थीस खजरान्याच्या गणपतीची जत्रा भरते, तिळगुळाच्या लाडवांचा नैवेद्य होतो, आणि त्याच सुमारास आपल्या घराघरांतून शिंका व खोकला यांचाही मुक्काम पडतो. २०२० व २०२१ या महामारीच्या वर्षांपासून पडशाची चाहूल लागताच 'झिंक'ची गोळी घेण्याचा प्रघात आपल्या अनेक कुटुंबांत पडला आहे. संस्थेच्या महोत्सवानिमित्त थंडीच्या दिवसांत वृद्ध सभासदांना व मुलांना या गोळ्या मोफत वाटाव्यात, अशी सूचनाही आमच्याकडे आली. सूचना सद्भावनेची होती. परंतु दात्यांनी विश्वासाने दिलेल्या पैशांतून जे वाटावयाचे, त्याचा गुण काय व अवगुण काय, हे आधी पाहणे आम्हांस कर्तव्य वाटले. त्या विचारातून जे हाती आले ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

झिंक म्हणजे आपले जस्त. तांब्यात ते मिसळले की पितळ होते. लोखंडी बादलीला गंज चढू नये म्हणून तिच्यावर जस्ताचाच मुलामा देतात. आपल्या माळव्याच्या शेजारी मेवाडात, उदयपूरजवळ जावर येथे, जस्त गाळण्याच्या शेकडो वर्षांपूर्वीच्या भट्ट्यांचे अवशेष आजही पाहावयास मिळतात, आणि आयुर्वेदात यशद भस्म प्रसिद्धच आहे. मात्र अन्नात जस्त कमी पडले तर मनुष्याची वाढच खुंटते, हे दाखवून देण्याचा मान एका भारतीयाकडे जातो. बिहारमधील बक्सर येथे जन्मलेले व पाटण्यास वैद्यक शिकलेले डॉ. आनंद प्रसाद यांनी इराणमधील शिराझ येथे वाढ खुंटलेले तरुण पाहिले. त्यांचा आहार बहुतांशी रोटीचाच होता. १९६१ व १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांतून जस्ताच्या उणिवेकडे जगाचे लक्ष गेले. पुढे रोगप्रतिकाराच्या कामीही जस्त लागते, हे सिद्ध झाले.

मग पडशाशी त्याचा संबंध कसा जोडला गेला? पडसे हे विषाणूंमुळे होते. त्यांतील प्रमुख जो ऱ्हायनोव्हायरस, त्याचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत. म्हणूनच एकदा पडसे झाले तरी पुन्हा होते, आणि जंतुनाशक प्रतिजैविकांचा त्यावर उपयोग होत नाही. जस्तामुळे या विषाणूची वाढ परीक्षानळीत रोखली जाते, असे १९७४ साली दिसून आले. पुढे अमेरिकेतील जॉर्ज एबी नावाच्या गृहस्थांच्या आजारी मुलीने जस्ताची गोळी न गिळता तोंडात विरघळू दिली, आणि तिचे पडसे काही तासांतच ओसरले, असे त्यांना आढळले. त्यावरून त्यांनी सहकाऱ्यांसह प्रयोग केला व तो १९८४ साली प्रसिद्ध झाला. सात दिवसांनंतर जस्त घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के लोक बरे होते, तर औषधाविना साधी गोळी घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के. एवढा फरक वाचून कोणाचाही विश्वास बसावा! परंतु जस्ताची चव तुरट व धातूसारखी असते. ती जिभेला लागताच आपल्याला खरे औषध मिळाले आहे हे रोग्याला कळण्याचा संभव असतो, आणि मग बरे वाटणे हे औषधाचे की विश्वासाचे, हे सांगणे कठीण होते.

पुढील प्रयोगांतून कधी लाभ दिसला, कधी दिसला नाही. चंडीगढच्या पीजीआय या संस्थेतील डॉक्टरांनीही २०११ साली अशा प्रयोगांचा आढावा घेतला होता. २०२४ साली कॉक्रेन या वैद्यकीय आढावा घेणाऱ्या संस्थेने ३४ प्रयोग व साडेआठ हजारांवर माणसे यांचा नव्याने हिशेब मांडला. त्याचे सार असे, की पडसे होऊ नये म्हणून आधीपासून जस्त घेतल्याने ते टळते असे दिसत नाही. पडसे झाल्यावर घेतल्यास ते सरासरी सुमारे दोन दिवस लवकर आटोपत असावे, परंतु हा पुरावा दुबळा आहे. मळमळ, तोंडास वाईट चव असे त्रास मात्र जस्त घेणाऱ्यांत अधिक आढळले. महामारीतही अमेरिकेत २१४ रुग्णांना जस्त व क जीवनसत्त्व देऊन पाहिले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात लाभ आढळला नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या प्रयोगांत लाभ दिसला, त्यांतील बहुतेकांत चघळण्याच्या गोळ्यांवाटे दिवसाकाठी ७५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक जस्त पोटात जात होते, तेही मोजके दिवस. आपल्याकडे प्रौढांनी रोज ४० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये असे आहारशास्त्र सांगते. महिनोन्महिने अधिक जस्त घेतल्यास शरीरातील तांबे घटते. त्यातून रक्तक्षय होतो व हातापायांस बधिरता येते. काही प्रतिजैविके जस्तासोबत घेतली तर ती नीट शोषली जात नाहीत. जस्ताची औषधे नाकात घालणे तर सर्वथा टाळावे. त्यामुळे वास घेण्याची शक्ती गेल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या औषध खात्याने २००९ साली इशारा दिला होता.

मग जस्ताची गोळी निरुपयोगी म्हणावी काय? मुळीच नाही. तिचे खरे स्थान मुलांच्या जुलाबात आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ सालीच सांगितले, की जुलाब झालेल्या मुलास मीठ-साखरेच्या ओ. आर. एस. पाण्याबरोबर जस्तही द्यावे. सहा महिन्यांवरील मुलास रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळास अर्धी. ती चमचाभर पाण्यात वा आईच्या दुधात विरघळवून चौदा दिवस द्यावयाची. जुलाब दोन-तीन दिवसांत थांबले तरी गोळ्या मध्येच सोडू नयेत, कारण पुढील दुखणे टळण्यास त्यांची मदत होते. आशाताईंकडे व सरकारी दवाखान्यात या गोळ्या मोफत मिळतात. खेदाची गोष्ट अशी, की आपण पडशासाठी ज्या गोळ्या विकत आणतो, त्याच मुलाच्या जुलाबात द्यावयास विसरतो.

रोजच्या जस्तासाठी आपला ओटाच पुरेसा समर्थ आहे. तीळ, भोपळ्याच्या बिया, हरभरा, मूग, दूध, आणि मांसाहार करणाऱ्यांस मांस, यांतून ते मिळते. धान्य-कडधान्यांतील फायटेट जस्ताला अडवून धरते. भिजवून मोड आणल्याने वा पीठ आंबवल्याने हा अडसर कमी होतो. आपल्या आजीची मोड आलेल्या मुगाची उसळ या दृष्टीनेही शहाणपणाचीच होती. तिळाच्या लाडवाने पडसे जाते असे मात्र आम्ही म्हणणार नाही!

पडशासाठी विश्रांती, ऊन पाणी, मिठाच्या गुळण्या, साबणाने हात धुणे, आणि शिंकताना तोंडावर रुमाल, हेच पथ्य. मध एक वर्षाखालील बाळास देऊ नये. मुलाचा श्वास जलद चालू लागला, छाती आत ओढली जाऊ लागली, किंवा वृद्धास धाप लागली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे.

या सर्वाचा विचार करून थंडीतील सरसकट वाटपाची सूचना आम्ही बाजूस ठेवली आहे. त्याऐवजी लहान मूल असलेल्या प्रत्येक सभासद-कुटुंबाने ओ. आर. एस.ची पाकिटे व जस्ताच्या गोळ्या घरच्या औषधपेटीत ठेवाव्यात, आणि त्या कशा द्यावयाच्या हे घरातील दोघांना तरी ठाऊक असावे, अशी आमची नम्र विनंती आहे.