मोजमाप आरोग्याचे (लेखांक ७) : रुग्णागणिक बदलणारी प्रश्नावली

गेल्या आठवड्यात आपण 'क्यूएलक्यू-सी३०' या प्रश्नावलीची ओळख करून घेतली. 'ईओआरटीसी' या युरोपीय कर्करोग संशोधन संघटनेची ही प्रश्नावली १९९३ साली प्रसिद्ध झाली आणि आज ती मराठीतही उपलब्ध आहे. थकवा, वेदना, झोप, भूक, मनाची अवस्था, पैशाची ओढाताण यांबद्दल रुग्ण स्वतः उत्तरं देतो आणि त्यांवरून ० ते १०० गुण काढले जातात. गाठ किती आकसली हे स्कॅनमध्ये दिसतं. मागचा आठवडा कसा गेला, हे मात्र रुग्णालाच विचारावं लागतं.

या ३० प्रश्नांची एक मर्यादा आहे. शारीरिक क्षमतेवर त्यांत पाचच प्रश्न आहेत. शस्त्रक्रियेतून सावरून कामावर रुजू झालेला माणूस पाचही प्रश्नांना 'अजिबात त्रास नाही' असं उत्तर देतो आणि त्याला १०० गुण मिळतात. तीन महिन्यांनी तो टेकडी चढू लागला तरी गुण १००च. सुधारणा झाली, पण मोजपट्टी तिच्याआधीच संपली. उलट, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला 'जड पिशवी उचलताना त्रास होतो का' असं विचारून नवं काही कळत नाही. त्याचं मन मात्र दुखावतं. प्रश्न वाढवले तर मोजमाप बारीक होईल, पण केमोने गळून गेलेल्या माणसाने शंभर प्रश्न सोडवायचे कसे?

यावरचा उपाय म्हणजे 'कॉम्प्युटर अ‍ॅडॅप्टिव्ह टेस्टिंग', थोडक्यात 'कॅट'. जीमॅट दिलेल्यांना ही पद्धत ठाऊक असेल. तिथे उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न कठीण येतो. इथे बरोबर-चूक काही नसतं. चष्म्याचा नंबर काढताना डॉक्टर आपल्या उत्तरानुसार पुढची काच निवडतात, तसा संगणक पुढचा प्रश्न निवडतो. पहिला प्रश्न मधल्या पातळीचा असतो: घराबाहेर थोडं चालताना त्रास होतो का? 'नाही' म्हटलं, तर पुढे लांब चालण्याबद्दल किंवा जिने चढण्याबद्दल विचारलं जातं. 'खूप' म्हटलं, तर खुर्चीतून उठण्याबद्दल. प्रत्येक उत्तरानंतर संगणक रुग्णाच्या स्थितीचा अंदाज नव्याने बांधतो आणि त्यात किती चूक संभवते तेही काढतो. चूक ठरलेल्या मर्यादेत आली, किंवा ठरलेले प्रश्न विचारून झाले, की तो थांबतो.

दोन रुग्णांना वेगवेगळे प्रश्न विचारले, तर त्यांची तुलना कशी करायची? सगळे प्रश्न आधीच एका पट्टीवर बसवलेले असतात, म्हणून ती करता येते. कोणता प्रश्न किती अवघड स्थितीबद्दल आहे, हे तज्ज्ञ मनाने ठरवत नाहीत. प्रत्यक्ष रुग्णांच्या उत्तरांतून ते गणिताने काढलं जातं. ईओआरटीसीच्या गटाने डेन्मार्कमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने अनेक देशांतल्या रुग्णांकडून अशी उत्तरं गोळा केली. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या 'कॅट कोअर'मध्ये १४ विषयांच्या प्रश्नपेढ्या असून त्यांत एकूण २६० प्रश्न आहेत. जुन्या प्रश्नावलीतले त्या विषयांचे प्रश्नही त्यांत आहेत, त्यामुळे जुन्या अभ्यासांशी धागा तुटत नाही.

या पद्धतीत ५० गुण म्हणजे युरोपातल्या सर्वसामान्य लोकसंख्येची सरासरी. विदर्भातल्या शेतकऱ्याला किंवा मुंबईच्या लोकलने फिरणाऱ्या बाईला ती सरासरी जशीच्या तशी लावता येणार नाही. नुसतं भाषांतर पुरत नाही. एखादा प्रश्न आपल्याकडच्या रुग्णांनाही तितकाच अवघड वाटतो का, हे इथल्याच रुग्णांना विचारून तपासावं लागतं. हे काम कष्टाचं आहे, पण ते टाळून चालणार नाही.

आणि रुग्णाला असं विचारण्याची मेहनत वाया जात नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात शरीरात पसरलेला कर्करोग असलेल्या ७६६ रुग्णांवर एक अभ्यास झाला. तिथली प्रश्नावली कॅटची नव्हती, साधीच होती. एका गटाने आपली लक्षणं नियमितपणे संगणकावर नोंदवली आणि त्रास वाढला की परिचारिकांना सूचना जात असे. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार या गटाचं मध्यक आयुर्मान ३१.२ महिने होतं. नेहमीची देखभाल मिळालेल्या गटाचं २६ महिने. रुग्णाला विचारलं, त्याचं उत्तर कुणीतरी वाचलं आणि लगेच हालचाल केली, त्याचा हा परिणाम. कोणताही संगणक केवळ पहिलं काम सोपं करतो. पुढची दोन माणसांनीच करायची असतात.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरातल्या रुग्णापुढे असा फॉर्म किंवा टॅब्लेट आला, तर त्याच्या वतीने तुम्ही उत्तरं देऊ नका. वाचून दाखवा, हवं तर खूण करायला मदत करा, पण उत्तर त्याचंच असू द्या. 'बरं आहे' म्हणून सगळं सोसायची आपल्याकडे सवय आहे. ती इथे बाजूला ठेवायला त्याला सांगा. आणि फॉर्म भरून झाल्यावर डॉक्टरांना आवर्जून विचारा: यात काय दिसलं आणि आता आपण काय करायचं?