सायनसचा जुनाट दाह – लेखांक ४ : उपचार यशस्वी कधी म्हणायचा?

नाकाभोवतीच्या हाडांमधील हवेच्या पोकळ्या, म्हणजेच सायनस, आणि नाकाचे अस्तर यांचा दाह 12 आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकला, तर तो जुनाट मानला जातो, आणि त्यातील काही रुग्णांत सुजलेले अस्तर द्राक्षांच्या घोसासारखे नाकात लोंबू लागते, हे मागील लेखांकांत पाहिले. या फुगवट्यांना पॉलिप म्हणतात. बोलभाषेत मात्र ‘नाकात मांस वाढले’ असे म्हटले जाते, आणि वाढलेले मांस कापले की रोग संपला, ही अपेक्षा त्या शब्दांतूनच जन्म घेते. वास्तविक पॉलिप हे दाहाचे फळ असल्यामुळे ते काढल्यानंतरही मूळचा दाह चालू राहिला, तर ते पुन्हा वाढू शकतात. म्हणून रक्तदाबाप्रमाणे किंवा दम्याप्रमाणे या विकारातही रोग ‘ताब्यात ठेवणे’ हे उपचारांचे मुख्य उद्दिष्ट मानले जाते.

ताबा म्हणजे काय, याचे निकष या विषयावरील 2020 च्या युरोपीय मार्गदर्शिकेत दिलेले आहेत. त्यांनुसार नाक चोंदणे, स्राव नाकातून किंवा घशात उतरणे, चेहऱ्यावर दुखणे वा दाब जाणवणे, वास न येणे, आणि झोपमोड किंवा थकवा, या पाच तक्रारींचा गेल्या महिन्याभराचा आढावा घेतला जातो. त्याला दुर्बिणीतून दिसणाऱ्या अस्तराच्या स्थितीची आणि गेल्या 6 महिन्यांत तातडीचे जादा औषधोपचार लागले काय, या प्रश्नाची जोड दिली जाते. या सातही बाबी समाधानकारक असतील तर रोग ताब्यात आहे, एखाद-दुसरी बिघडलेली असेल तर अंशतः ताब्यात आहे, आणि तीन किंवा अधिक बिघडलेल्या असतील तर तो ताब्याबाहेर आहे, असे समजले जाते.

पॉलिपचा आकार आणि रुग्णाला होणारा त्रास यांचे प्रमाण नेहमी जुळतेच असे नाही. म्हणून दुर्बिणीबरोबर रुग्णाची साक्षही मोजावी लागते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘स्नॉट-22’ या प्रश्नावलीत 22 प्रश्न असून प्रत्येकाला 0 ते 5 गुण असतात. एकूण 110 पैकी साधारण 9 गुणांची घट झाली, तर ती सुधारणा रुग्णाला स्वतःला जाणवण्याजोगी समजतात.

वरील पाच तक्रारींपैकी वासाची तक्रार बारकाईने पाहण्याजोगी आहे, कारण फोडणीचा दरवळ हरवणे ही केवळ चवीची हानी नसून गॅसची गळती किंवा विटलेले अन्न न ओळखता येणे हा प्रत्यक्ष धोका असतो. तोंडावाटे घेतलेल्या स्टेरॉईडने वास अनेकदा काही दिवसांतच परततो आणि औषध थांबल्यावर पुन्हा जातो. या अनुभवामुळे तेच औषध वारंवार घेण्याचा मोह होतो. परंतु अशा वापराने हाडे ठिसूळ होणे, रक्तातील साखर वाढणे, डोळ्यांत मोतीबिंदू किंवा काचबिंदू होणे हे धोके वाढत असल्याने, तोंडावाटे घ्यायचे स्टेरॉईड शक्य तितके कमी लागणे हेही उपचारांचे स्वतंत्र उद्दिष्ट ठरते.

या उद्दिष्टांच्या प्रकाशात साधनांचे स्थान स्पष्ट होते. मिठाच्या पाण्याने नाक धुणे, ज्याचे जुने रूप जलनेतीच्या नावाने परिचित आहे, आणि स्टेरॉईडचा फवारा हा रोजचा पाया होय. नाक धुण्याचे पाणी मात्र उकळून निववलेले किंवा निर्जंतुक असावे लागते. दुर्बिणीची शस्त्रक्रिया अडथळा दूर करते, तसेच सायनसची तोंडे रुंद करून फवारा व पाणी आतवर पोहोचण्याची वाट मोकळी करते, म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर औषध सोडून देणे म्हणजे तिचा अर्धा लाभ गमावणे होय. दाह चेतवणाऱ्या विशिष्ट रेणूंचे संदेश अडवणारी जैविक इंजेक्शने, ज्यांपैकी ड्युपिलुमॅबला 2019 मध्ये अमेरिकेत या विकारासाठी मान्यता मिळाली, प्रामुख्याने शस्त्रक्रियेनंतरही ताब्यात न येणाऱ्या तीव्र रोगासाठी विचारात घेतली जातात. सुमारे 6 महिन्यांनी त्यांचा लाभ तपासून ती पुढे चालू ठेवावीत की नाही, हे ठरवले जाते. सोबत दमा असेल, तर त्याचा ताबाही याच हिशेबात धरावा लागतो.

मांस पुन्हा वाढले म्हणजे उपचार फसले, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी रुग्णाची झोप, श्वास, वास आणि वर्षभरात लागलेली स्टेरॉईडची औषधे यांचा ताळेबंद मांडणे म्हणूनच आवश्यक ठरते. रोजच्या पायाचा भाग असलेला फवारा अनेकदा चुकीच्या दिशेने मारला जातो. त्याची योग्य पद्धत पुढील लेखांकात पाहू.