पिंपातला प्रकाश

जालन्यात २०१८पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल आहे. मूळ संस्था १९३३ची. तिच्या माटुंग्यातील संकुलात प्रतिदीप्त, म्हणजे प्रकाश शोषून चमकणाऱ्या, रंगांवर संशोधन होते.

अशा रंगांचा एक गुरू समुद्रात आहे. १९६२मध्ये ओसामू शिमोमुरा यांना जेलीफिशमध्ये हिरवे चमकणारे प्रथिन आढळले. त्यातला चमकणारा भाग तीनच अमिनो आम्लांतून घडतो. नवल असे, की तोच रेणू प्रथिनाबाहेर पाण्यात जवळजवळ विझतो! तिथे तो पिळला जातो, शोषलेली ऊर्जा उष्णता होऊन निसटते. प्रथिनाची पिंपासारखी घडण मात्र त्याला घट्ट धरते.

रसायनशास्त्रज्ञांनी नेमके हेच हेरले. पिंपाऐवजी बोरॉनच्या अणूने रेणूचे दोन भाग जखडले. २०११मध्ये ‘स्पिनॅच’ नावाच्या आरएनएच्या घडीत जेलीफिशमधल्या त्या चमकणाऱ्या भागासारखा कृत्रिम रेणू बसवून जिवंत पेशीतला आरएनए हिरवा उजळवला गेला.