गांधील की पतंग? खोडाला विचारा

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या जंगलात काजवे पाहायला गर्दी लोटते. सकाळी त्याच झाडांच्या बुंध्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. खरं तर एका पट्टीच्या सोंगाड्याचा माग तिथंच लागतो.

हा सेसिडी कुळातला पतंग. पंखांवरचे खवले बहुतेक गळालेले, म्हणून पंख काचेसारखे आरपार. अनेक जातींच्या अंगावर गांधीलमाशीसारखे काळे-पिवळे पट्टे. उडतोही भर दिवसा. डंख मात्र नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यात 11 वर्षं काढलेल्या हेन्री बेट्सनं 1862 मध्ये अशा नकलेचं मर्म सांगितलं: पक्षी ज्याला टाळतात त्याचं रूप घेतलं, की जीव वाचतो. वाघाचं कातडं पांघरलेल्या गाढवाला त्याच्या ओरडण्यानं फसवलं. याला बहुधा कंबर फसवते. गांधीलमाशीची कंबर दोऱ्याएवढी, पतंगाचं छाती-पोट सलग. फुलांवर संथपणे घिरट्या घालणारा, काळ्या पंखांत पारदर्शक खिडक्या असलेला अमाटा हा पतंगही गांधीलमाशीच वाटतो, पण त्याची अळी पानं खाते, लाकडात शिरत नाही.

सेसिडींच्या अळ्या खोडात, फांदीत, मुळात राहतात. पडवळाच्या वेलीला फुगीर गाठ आणणारी मेलिटिया याच कुळातली. युरोपात पॉप्लर पोखरणाऱ्या जातीची अळी दोन-तीन वर्षं लाकडात काढते आणि पंख फुटल्यावर जेमतेम काही दिवस जगते. मग उडता पतंग हुडकत फिरण्यात काय हशील?

त्यापेक्षा बुंधा पाहावा. कोषाच्या पाठीवर बारीक काटे असतात; त्यांच्या आधारानं तो सरकत भोकाच्या तोंडाशी येतो. पतंग निघून जातो आणि तपकिरी, पोकळ कवच भोकात अर्धवट अडकून राहतं. भिरुडाच्या, म्हणजे खोड पोखरणाऱ्या भुंग्याच्या, भोकाशी असं कवच सापडत नाही. संगमनेर-राहात्याकडच्या डाळिंब बागायतदारांना परिचित असलेली साल खाणारी अळी तर सालीवर जाळी आणि भुश्याची वेडीवाकडी पट्टी करते. तीही पतंगाचीच अळी, पण कूळ वेगळं.

दुसरी युक्ती गंधाची. अमेरिकेत पीचचं झाड पोखरणाऱ्या सेसिडी मादीचं गंधरसायन 1974 मध्ये ओळखलं गेलं. तशा रसायनांची गोळी टांगली, की एरवी नजरेला न पडणारे नर आपणहून येतात.

गोळी नसली तरी बिघडत नाही. कवच दिसलं तर साल न उचकटता फोटो काढा आणि झाडाचं नाव टिपून ठेवा. जात ओळखायला ते नाव फार उपयोगी पडतं.