भिंतीच्या पोटातला दगड

“भिंत दोन हात रुंद आहे, तिला काय होतंय?” धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरात राहणाऱ्यांकडून हे मी नेहमी ऐकतो. जामनेरच्या आसपासची अशी घरं दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे, आणि माझं सांगणं एकच: रुंदीवर विसंबू नका. आपल्याकडे भूकंप येत नाहीत, असंही समजू नका. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहाच्या वरचा भूकंप झाला होता.

धक्का घराला आडवा हलवतो. वस्तू जितकी जड, तितका तिच्यावर जोर जास्त. आता भिंत आतून कशी असते ते बघा. परवा एका गल्लीत पाडकाम चालू होतं, तिथं ती उभी कापलेली बघायला मिळाली. बाहेरून घडीव काळा दगड, सांधे मिळवून बसवलेला; घरातल्या बाजूला ओबडधोबड दगड; मधे गोटे, कपच्या आणि मातीची नुसती भर. म्हणजे पाठीला पाठ लावून उभ्या केलेल्या दोन बारीक भिंतीच. हादऱ्यानं मधली भर खाली बसते, दोन्ही पदरांना बाहेर रेटते, भिंतीला पोट सुटतं आणि एक पदर कोसळतो.

त्याच भिंतीत कोपऱ्याजवळ एक लांब दगड या तोंडापासून त्या तोंडापर्यंत गेलेला होता. बाकीचे दगड गडी हातानं काढत होते, तिथं मात्र पहार लावावी लागली. असा आरपार दगड दोन्ही पदरांना एकत्र बांधून ठेवतो. भारतीय मानक १३८२८ सुद्धा तेच सांगतं: उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत दर १.२ मीटरला एक. ज्या गवंड्यानं तो दगड बसवला, त्याला माझा मनापासून नमस्कार.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ तीव्रतेचा धक्का बसला आणि सुमारे आठ हजार माणसं गेली. कितीतरी लोक अशाच दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाखाली, म्हणजे तिकडच्या धाब्याखाली, दबले. तिथल्या काही भिंती तर मीटरभराहून रुंद होत्या. पण भिंती ढासळूनही कित्येक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा छत पेलून उभा राहिला. धाब्याच्या घराचं खरं बळ तेच. खेदाची गोष्ट अशी, की वाळवी लागली म्हणून आपण खांब काढतो आणि तुळईचं टोक भिंतीत खुपसतो. मग भिंत गेली की छतही जातं.

त्यात धाबं गळतं म्हणून दरवर्षी वर नवी माती. थर दीड-दोन फुटांवर जातो. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे जवळपास सात टन! आधी जुने थर खरवडून उतरवा, मगच नवी माती टाका.

घर पाडायची गरज नसते. भिंतीतले दोन-चार दगड हलक्या हातानं काढून आरपार भोक करायचं, दोन्ही टोकांना वळवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं. झाला आरपार दगड. खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे दांडे ठोकायचे. भिंतीच्या माथ्यावरून सगळ्या घराला एकसंध पट्टा फिरवायचा, म्हणजे कोपरे फाटत नाहीत. सिमेंटच्या गिलाव्यानं मात्र पोट सुटलेली भिंत सरळ दिसते, सावरत नाही. म्हणून गिलाव्याआधी तिला ओळंबा लावून बघा.